चरख्याचा बिल्ला

आई, आधी बसा. उभ्याने ऐकायची गोष्ट नाही ही. तुमच्या वडिलांचा, नानांचा बिल्ला मिळाला! हो, तोच, पितळेचा, चरख्याचा. ज्याच्यासाठी आपण दोघींनी अख्खं इंग्लंड पालथं घातलं, तो काल मँचेस्टरला बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात मिळाला. काल संध्याकाळपासून मी घरात नुसती नाचतेय. तुमचा लेक म्हणतो, "अगं, दोन घास खाऊन तरी घे." आणि तुमची नात आता हायस्कूलला जाते, तिचं मराठी काय वर्णावं! ती म्हणाली, "मम्मी, हा आजीची लॉस्टवाली टोकन आहे?" मी म्हटलं, हो गं बाई, आजीची, आजीचा, आजीचं, सगळं आहे ते! तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, पण बातमी पहिल्यांदा सांगावीशी वाटली ती तुम्हालाच. म्हणून किचन टेबलाशी कागद घेऊन बसलेय, आणि सगळं क्रमाने सांगणार आहे. मध्येच उडी मारली की तुम्ही "सुरुवातीपासून सांग" म्हणायचात, ते अजून कानात आहे.

सुरुवात म्हणजे माझा लेस्टरमधला पहिला रविवार. लग्न होऊन पुण्याहून नुकतीच आलेली, थंडीने नाक लाल झालेलं. सकाळी तुम्ही म्हणालात, "चल, आवर, बाहेर जायचंय." मला वाटलं, देवळात. मी आपली जरीच्या काठांची साडी नेसून, गजरा नाही म्हणून हळहळत खाली आले, तर तुम्ही दारात उभ्या. साडीवर सासऱ्यांचा जुना ओव्हरकोट, पायात लोकरीचे मोजे आणि पांढरे ट्रेनर्स, खांद्याला शॉपिंग बॅग. सासऱ्यांना जाऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती आणि त्यांचा तो हॉस्पिटलला जायचा कोट तुम्ही कुणाला देऊ देत नव्हतात. दोन बस बदलून आपण गेलो ते एका चर्चच्या हॉलमध्ये, जुन्या नाण्यांच्या फेअरला. लांबच लांब टेबलं, त्यांवर मखमली ट्रे, ट्रेमध्ये तांब्याचे काळपट तुकडे, आणि त्यांच्यावर वाकलेले गोरे म्हातारे. बायका म्हणाल तर आपण दोघी आणि चहा ओतणारी एक. "मॉर्निंग, लव्ह," एक मिशीवाला म्हणाला. "मॉर्निंग. एनी टोकन्स?" तुम्ही विचारलंत. मग जे सुरू झालं ते बघून मी पदरात तोंड लपवलं. चार पौंडांची वस्तू तुम्ही दोनला मागितलीत, तो नाही म्हणाला, तुम्ही पर्स खटकन बंद केलीत आणि चालू लागलात. तुळशीबागेतली भाजी असती तर ठीक होतं हो, पण चर्चमध्ये? दारापर्यंत पोचायच्या आत त्याने हाक मारली. तुम्ही माझ्याकडे बघून डोळा मारलात. सासूने डोळा मारलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

परतीच्या बसमध्ये तुम्ही तो तुकडा माझ्या तळहातावर ठेवलात. एका बाजूला भाला-ढाल घेऊन बसलेली बाई, दुसऱ्या बाजूला शिडांचं लढाऊ जहाज. "ही ब्रिटानिया," तुम्ही म्हणालात, "इथली भारतमाता समज." आणि मग बस डुलत असताना मला सगळं समजावलंत. दोनशे वर्षांपूर्वी यांची फ्रान्सशी वर्षानुवर्षं लढाई चाललेली, सरकारला तोफांतून फुरसत नाही, मग सुट्टे पाडणार कोण? बाजारात चिल्लरच दिसेना. तेव्हा दुकानदारांनी, खाणवाल्यांनी, गिरणीवाल्यांनी आपापले तांब्याचे बिल्ले पाडले. माझ्या दुकानात आण, त्याचा माल देतो, म्हणून. आणि लढाईचे दिवस, त्यामुळे प्रत्येकाला देशभक्ती दाखवायची हौस. कुणी जहाज काढलं, कुणी ओकच्या पानांत राजाचं डोकं काढलं, कुणी आरमाराचा जयजयकार लिहिला. "मिठाला पैसे नाहीत आणि वर जहाज!" असं म्हणून तुम्ही इतक्या हसलात की पुढची बाई वळून बघायला लागली. मग तो तुकडा माझ्या हातातून परत घेतलात. "यांनी राजाचं डोकं काढलं तरी कुणी हूं की चूं केलं नाही. आमच्या नानांनी..." एवढंच म्हणालात आणि खिडकीबाहेर बघत बसलात. मी नवी, विचारायची छाती झाली नाही.

घरी आल्या आल्या तुम्ही तो बिल्ला चिंच-मिठाने खसाखसा घासलात, देवाचा तांब्या घासतात तसा. लख्ख! मला वाटलं, असंच करत असतील. पुढच्या महिन्यात तुम्ही तो मिशीवाल्याला मोठ्या कौतुकाने दाखवायला नेलात. त्या माणसाने अक्षरशः कपाळाला हात लावला. "ओ मॅडम, यू हॅव किल्ड इट!" दीडदोनशे वर्षांत धातूवर चढलेला तो काळसर रंग म्हणजेच म्हणे त्याची सगळी किंमत, आणि तुम्ही तो चिंचेच्या कोळात सोडून आलेल्या. "इट वॉज डर्टी," तुम्ही ठणकावलंत. घरी येऊन मला म्हणालात, "यांच्या आयांनी यांना भांडी घासायला लावलीच नाहीत, त्यातला प्रकार." आणि त्याने एवढं सांगूनसुद्धा पुढचा बिल्ला घासलात, त्याच्या पुढचाही घासलात, दिवाळीत लक्ष्मीपूजनाला चौरंगावर सगळे चमचमत मांडलेत. तीन ब्रिटानिया आणि एक आरमार लक्ष्मीच्या पायाशी. मी मात्र तुमच्या नकळत दोन-तीन तसेच काळे ठेवून दिले होते, कपाटात, टॉवेलांच्या मागे.

नानांची गोष्ट कळली ती गणपतीत. आपल्या मंडळाचा गणपती शाळेच्या हॉलमध्ये असायचा, आठवतंय? लंडनजवळच्या इल्फर्डहून एक बाई आल्या होत्या, तुमच्याच तालुक्यातल्या माहेरवाशीण. मोदक वाढता वाढता त्या माझ्या कानाशी लागल्या. "तुझ्या सासूच्या वडिलांचं ते खोट्या नाण्यांचं प्रकरण झालं होतं ना गं? आत होते म्हणे." माझं डोकं बघा, दुसऱ्या दिवशी पोळ्या करताना मी हसत हसत तुम्हाला विचारलं, "आई, नाना खरंच नाणी पाडायचे?" तुम्ही लाटणं ओट्यावर आपटलंत. "माझ्या बापाने खोटं काही केलेलं नाही! पुन्हा हा शब्द या घरात नको." एवढ्या वर्षांत तुम्ही माझ्यावर ओरडलात ती तेवढीच वेळ. तव्यावरची पोळी करपली, तरी दोघींपैकी कुणी उलटली नाही. मग तुम्ही स्टूल ओढून बसलात, आणि पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवून बोलायला लागलात.

सातारा जिल्ह्यातलं बाजाराचं गाव, नानांचं किराणा दुकान, बेचाळीसच्या आगेमागे. दुसरं महायुद्ध चाललेलं आणि बाजारातून चिल्लर गायब. लोक आणे-पैसे घरात दडवून बसलेले. सुट्ट्यांऐवजी नाना गुळाचा खडा द्यायचे, पोस्टाचं तिकीट द्यायचे, पण किती देणार? शेजारी तांबट होता, त्याच्याकडे पत्र्याच्या कातरणी पडलेल्या. नानांनी त्याच्याकडून पितळेचे बिल्ले पाडून घेतले. उरलेल्या पैशांचा बिल्ला न्या, पुढच्या वेळी आणा, मीठ-मिरची न्या. आणि वर चरखा काढायला सांगितला, कारण सगळं गाव तेव्हा स्वराज्याच्या वाऱ्यातलं. तांबटाने आयुष्यात कधी शिक्का कोरला नव्हता. ठसा उलटा उमटतो हे त्याच्या लक्षातच आलं नाही, आणि चाक आलं डाव्या हाताला. गाव हसायचं, "नानांचा चरखा डावखुरा!" पण चालायला लागला हो! न्हावी घ्यायचा, गिरणीवाला घ्यायचा, बाजारात दुसऱ्यांच्या दुकानांतसुद्धा चालायचा. तुम्ही आठ-नऊ वर्षांच्या, गल्ल्याशी बसून बिल्ले मोजून द्यायच्या. मग एक दिवस फौजदार आला. बिल्ल्यांचा डबा उचलला आणि नानांनाही नेलं. घाबरून लोकांनी आपापले बिल्ले विहिरीत टाकले, तांबटाने उरलेले रातोरात वितळवले. एकसुद्धा राहिला नाही. नाना काही महिन्यांनी सुटून आले ते मान खाली घालूनच. काय झालं, कशावरून नेलं, कुणाशी अवाक्षर बोलले नाहीत, आणि न बोलणाऱ्या माणसाबद्दल गाव बोलतं. खोटी नाणी पाडली म्हणून धरलं, असंच पसरलं. तुमची दोन ठरलेली स्थळं त्यावरून मोडली. तिसरं आलं ते विलायतेला निघालेल्या डॉक्टरांचं, म्हणजे सासऱ्यांचं, आणि त्यांनी काही विचारलंच नाही. "चरखा काढला म्हणून नेलं माझ्या बापाला," तुम्ही म्हणालात. "एक बिल्ला मिळू दे. तुझ्या मामासासऱ्यांच्या हातात ठेवते आणि म्हणते, जा, दाखव सगळ्या गावाला." मामा तेव्हा पाळण्यात होते, त्यांनी तो बिल्ला पाहिलेलाच नव्हता. त्यांनी फक्त शाळेत पोरांचं ऐकून घेतलं होतं.

तेव्हापासून मीही झपाटले, आई. इथले साहेबलोक इंडियातून येताना काय काय घेऊन आले, मग एखादा बिल्ला कशावरून नसेल आला? ब्रिटानिया आणि जहाजं आपण घ्यायचो ती हौस म्हणून, पण डोळे सगळे त्या "इंडिया, मिसलेनियस" लिहिलेल्या ट्रेवर. इल्फर्डची फेरी आठवते? तिथल्या एका नाण्यांच्या दुकानदाराने फोनवर सांगितलं, पितळी टोकन आहे, इंडिया, वर चाक आहे. मी ऑफिसात चक्क सिक मारली, आजारी आहे म्हणून कळवलं. ट्रेनमध्ये तुम्ही सीटवर टिकेनात. "डावीकडे असेल ना गं चाक?" दर स्टेशनला हेच. आणि दुकानात निघालं काय, तर कुठल्या कापडगिरणीच्या कॅन्टीनचं टोकन! चाक होतं, दात्यांचं. मला तर रडूच फुटायला आलं. तुम्ही मात्र तेही विकत घेतलंत, "इतक्या लांब आलोय, रिकाम्या हाताने कशाला?" म्हणून. मग रस्त्यावर उभ्याने आपण गरम कचोऱ्या खाल्ल्या आणि तुम्ही कचोरीवाल्याशी चटणीवरून वाद घातलात. परत येताना मात्र तुम्ही पूर्ण वाटभर डोळे मिटून होतात. झोपल्या नव्हतात, मला कळत होतं.

ती नोकरी मला कौन्सिलच्या हाउसिंग ऑफिसात लागली होती तेव्हा माझ्या आईने पुण्याहून कानातलं पाठवलं, आणि तुम्ही दिलंत भिंग. घडीचं, पितळी मुठीचं, जवाहिऱ्यांकडे असतं तसं. "सोनं कुणीही देतं," म्हणालात. तुमच्या शेवटच्या आजारात वॉर्डमधल्या नर्सला तुम्ही ब्रिटानियाची अख्खी कथा ऐकवलीत, ती बिचारी ब्लड प्रेशर घ्यायला आली होती. मला म्हणालात, "माझ्यामुळे रविवार चुकवू नकोस, फेअरला जा." मी गेले नाही. त्याच रविवारी दुपारी तुम्ही गेलात. नंतर मात्र एकही चुकवला नाही. बर्मिंगहॅम, डर्बी, यॉर्क. "तुझं हे वेड आईवर गेलंय," तुमचा लेक म्हणतो. सुनेचं वेड सासूवर जातं कसं, ते त्याचं त्यालाच ठाऊक!

तर काल. मँचेस्टरच्या स्टेशनबाहेर पडले, ट्रॅम पकडली, हॉटेलच्या हॉलमध्ये फेअर होती. कोपऱ्यात एकाच्या टेबलाखाली बिस्किटांचा डबा. वर चिठ्ठी, काहीही उचला, दोन पौंड. "खाली काय आहे?" मी विचारलं. "इंडियाचं भंगार. कोणीतरी तिकडे पोलिसात होता, त्याच्या घरचे सामान काढत होते," तो म्हणाला. मी कार्पेटवर फतकल मारून बसले, चांगल्या पँटची पर्वा न करता. बटणं, बिल्ले, भोकाचे पैसे, एक घुंगरू. आणि तळाशी, काळाकुट्ट, वेडावाकडा कातरलेला एक तुकडा. भिंग लावलं. चाक. डावीकडे! आई, मी ओरडले. खरंच ओरडले, "अगं बाई!" म्हणून. हॉल थांबला. तो म्हणाला, "यू ऑल राइट, लव्ह?" मी म्हटलं, "आय ॲम व्हेरी ऑल राइट!" आणि त्या कातरणीच्या खडबडीत कडेवर बोट फिरवत मी तिथेच हसतही होते आणि डोळेही पुसत होते. चरखा होता, आई! डावखुरा, बेढब, पण चरखाच. तुमच्या बापाने खोटं काही केलेलं नव्हतं.

मग मी तो उलटला. आता जरा शांतपणे ऐका. मागे मुकुट आहे. राजाचा मुकुट, सरकारी पैशावर असायचा तसा, अगदी व्यवस्थित. चरख्यापेक्षा सुबक जमलाय तांबटाला, समोर नमुना असेल म्हणून. टेबलवाल्याला मी नानांची सगळी गोष्ट सांगून टाकली. त्या माणसाने माझ्या हातातून घेतला, दोन्ही बाजू पाहिल्या आणि शीळ घातली. "चीकी," म्हणाला, म्हणजे आगाऊ. "लढाईच्या दिवसांत सरकारी मुकुट आपल्या खासगी पत्र्यावर? नाण्याची नक्कल म्हणून याच्यावरच धरलं असेल बिचाऱ्याला. चरखा कोण बघतंय." त्याला काय ठाऊक, मलाही काय ठाऊक. असेल, नसेल. पण परतीच्या ट्रेनमध्ये मला दुसरं काही सुचेना. म्हणजे गाव म्हणत होतं तेही खरं आणि तुम्ही म्हणत होतात तेही खरं? मला नाना दिसायला लागले. गल्ल्यावर बसलेले, गिऱ्हाईक बघून बिल्ला ठेवणारे. खादीवाला आला की चरखा वर, फौजदाराचा शिपाई साखर न्यायला आला की मुकुट वर. दोघांनाही खूश ठेवायला गेले आणि जो मुकुट सुरक्षेसाठी काढला तोच नडला. मी एकटीच खदखदून हसले, समोरच्या माणसाने पेपर वर धरला. आणि मग, आई, बिल्ला पुन्हा बाहेर काढून मुठीत धरला. कारण मला नाना आवडले. भीती वाटत होती त्यांना, दुकान होतं, पाळण्यात पोर होतं, गल्ल्याशी तुम्ही होतात. पाय लटपटणाऱ्या माणसाने मुकुटाच्या आडून का होईना, पण चरखा काढला. ज्याला भीतीच वाटत नाही त्याने काढला असता तर त्यात काय मोठंसं?

तुम्हाला हे ठाऊक होतं ना? गल्ल्याशी बसून तुम्ही स्वतः बिल्ले दिलेत, शेकडो वेळा हाताळलेत. मला चाक सांगितलंत, कातरण सांगितली, डावखुरेपण सांगितलं, आणि मुकुट तेवढा सांगितला नाहीत. विसरलात की गिळलात, ते आता कुणाला विचारू? रागावले नाहीये मी. शपथ. तुम्ही तो आणून गावाला दाखवायला निघाला होतात, तर मागच्या बाजूचं काय करणार होतात, एवढंच मला फार जाणून घ्यावंसं वाटतंय. हे पत्र लिहून झालं की कुठे टाकू, तेही कळत नाहीये. तुमच्या कोटाच्या खिशात ठेवीन बहुतेक, कोट अजून कुणी कुणाला दिलेला नाही.

काल रात्रीच मामांना फोन लावायचा होता, पण तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली, म्हणून आज सकाळी लावला. लाइन खरखरत होती. मी ओरडूनच सांगितलं, "मामा, मिळाला! नानांचा बिल्ला! चरखा आहे, मामा, खरंच चरखा आहे!" मग एकदम पलीकडून म्हाताऱ्याच्या रडण्याचा आवाज आला. एवढा मोठा माणूस हमसून हमसून रडत होता आणि मध्ये मध्ये "ताईला कळायला हवं होतं" म्हणत होता. जरा सावरल्यावर नाक ओढत त्यांनी विचारलं, "आणि मागच्या बाजूला काय आहे गं?" मी म्हटलं, "मागची बाजू पार झिजलीय, मामा. काही दिसत नाही." तोंडातून गेलं ते गेलंच, आई. बिल्ला तेव्हा माझ्या हातातच होता, आणि तो मुकुट इतका ठसठशीत आहे की फोनवर बोलतानासुद्धा अंगठ्याला लागत होता.